रोज एक डॉलर: कुलपाआडचा धंदा

व्यापाराची पहिली अट अशी की, गिऱ्हाईकाला दुकान बदलता आले पाहिजे. मोहम्मद अली रोडवर एका दुकानात माल महाग वाटला तर गिऱ्हाईक चार पावले पुढे जाते. मालेगावात एका कारखानदाराने मजुरी कमी दिली तर कारागीर दुसऱ्याच्या यंत्रमागावर जाऊन उभा राहतो. दुकानदाराचा भाव आणि मालकाची नियत या चार पावलांच्या भीतीनेच ठिकाणावर राहते. पण ज्या धंद्यात गिऱ्हाईक कुलपात आहे, मजूरही तोच आहे आणि बिल भरणारा तिसराच कोणी आहे, त्या धंद्यात भाव कोण ठरवतो आणि मजुरी कोण ठरवतो?

अमेरिकेत हा धंदा चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. व्हिसाची मुदत संपलेले, कागदपत्रांशिवाय सरहद्द ओलांडलेले, आश्रय मागणारे अशा परदेशी लोकांना त्यांच्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत जिथे ठेवले जाते ती केंद्रे बहुतांशी खासगी कंपन्या चालवतात. एक गोष्ट वाचकांनी सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी. ही माणसे शिक्षा भोगत नसतात. त्यांचा मामला अमेरिकेच्या कायद्याने दिवाणी स्वरूपाचा आहे. पण भिंत, कुलूप, गणवेश आणि हजेरी पाहिली तर तुरुंगापेक्षा फरक कुठे आहे ते शोधावे लागते.

आमच्या पानावर आम्ही नेहमी सूत, चामडे, भाडे, बँकेचे कर्ज यांबद्दल लिहितो. या वेळी हा विषय घेण्याचे कारण सरळ आहे. ही केंद्रे म्हणजे खानावळ, धोबीघाट, किराणा दुकान, टेलिफोन बूथ आणि न्हाव्याची खुर्ची असे पाच धंदे एका छपराखाली आणणारा ठेका आहे. त्याचा हिशेब आमच्या वाचकांइतका दुसऱ्या कोणाला लवकर कळणार नाही.

लॉजपासून सुरुवात

१९८३ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात थॉमस बीझली आणि त्यांच्या साथीदारांनी 'करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' ही कंपनी काढली. तुरुंग चालवणे हा धंदा मोटारी, घरे किंवा हॅम्बर्गर विकण्यासारखाच विकायचा, असे बीझली साहेबांचे म्हणणे होते. पहिला ठेका मिळाला तो टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा, परदेशी लोकांना ठेवण्याचा. मुदत जवळ आली आणि इमारत तर तयार नव्हती. मग कंपनीने १९८४ च्या जानेवारीत ह्यूस्टनमधला एक लॉज भाड्याने घेतला, भोवती कुंपण घातले, पहारेकरी नेमले आणि माणसे आणून ठेवली. धंद्याची वेळ पाळली गेली! हीच कंपनी २०१६ पासून 'कोअरसिव्हिक' या नावाने ओळखली जाते.

दुसरी मोठी कंपनी म्हणजे 'जिओ ग्रुप'. तिचे मूळ वॅकनहट या पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीत आहे. तिने १९८७ मध्ये कोलोराडो राज्यातल्या अरोरा येथे पहिले केंद्र उघडले. आज दोन्ही कंपन्यांचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जातात. २०२४ मध्ये एकट्या जिओची उलाढाल सुमारे २४२ कोटी डॉलर होती.

ठेक्याचा गाभा लॉजवाल्याला समजेल असाच आहे. सरकार दर माणशी, दर दिवशी ठराविक रक्कम देते. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात ही सरासरी सुमारे १३० ते १४० डॉलरच्या आसपास होती. या रकमेत कंपनीने खाट, जेवण, कपडे, सफाई आणि पहारा सांभाळायचा. औषधपाणी कुठे कंपनीकडे, कुठे सरकारी पथकाकडे असते. आलेल्या रकमेतून जे वाचेल तो नफा. म्हणजे जेवणाच्या ताटातून, साबणाच्या वडीतून आणि नोकराच्या पगारातून जितके कमी जाईल तितके गल्ल्यात जास्त उरेल. खानावळीचा ठेका घेणाराही हेच करतो असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण खानावळीतला माणूस दुसऱ्या दिवशी येईनासा होतो आणि ठेकेदार ताळ्यावर येतो.

दिवस कसा जातो

सरकारने या केंद्रांसाठी २०११ मध्ये नियमांचा जाडजूड ग्रंथ काढला आणि २०१६ मध्ये त्यात दुरुस्त्या केल्या. कागदावर पाहिले तर नियम वाईट नाहीत. दिवसातून तीन वेळा जेवण, त्यातले किमान दोन वेळचे गरम. रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर नको. मोजे आणि आतले कपडे रोज बदलून मिळावेत, वरचा गणवेश आठवड्यातून निदान दोनदा, चादर-टॉवेल आठवड्यातून एकदा. वकील करायचा तर स्वखर्चाने करायचा, सरकार देत नाही. म्हणून कायद्याची पुस्तके वाचण्यासाठी आठवड्याला किमान पाच तास.

प्रत्यक्षात दिवस फार लवकर सुरू होतो. पहाटेच न्याहारी, दुपारच्या आधी जेवण आणि आपल्याकडे चहाची वेळ असते त्या सुमारास संध्याकाळचे ताट. मध्ये मध्ये हजेरी. हजेरी म्हणजे सर्वांनी आपापल्या खाटेवर जायचे आणि मोजदाद जुळेपर्यंत तिथून हलायचे नाही. एका मोठ्या खोलीत दोन मजली लोखंडी खाटा, त्याच खोलीत जेवणाची टेबले, टीव्ही, भिंतीला लावलेले फोन आणि आडोशाला संडास व न्हाणी. गणवेशाच्या रंगावरून माणूस कोणत्या वर्गातला ते ओळखायचे.

सहा वाजण्याच्या आत जेवलेल्या माणसाला रात्री दहाला भूक लागतेच. इथेच आतल्या दुकानाचा धंदा सुरू होतो. त्याकडे आम्ही पुढे वळू.

दातांच्या दुखण्याची एक हकीकत मात्र इथेच सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियात ॲडेलांटो येथे जिओ कंपनीचे मोठे केंद्र आहे. २०१८ च्या मे महिन्यात सरकारच्याच गृहखात्याचे तपासनीस न कळवता तिथे गेले आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा अहवाल आला. पाहिलेल्या २० खोल्यांपैकी १५ खोल्यांत चादरींचे पिळून केलेले फास टांगलेले आढळले. चार वर्षांत एकाही माणसाचा दात भरून दिलेला नव्हता. वाट पाहून पाहून काहींचे दात पडले. तिथल्या दंतवैद्याने तपासनीसांना सांगितले की, ज्यांना दातांची काळजी आहे त्यांनी मोज्याचे दोरे काढून दातांच्या फटी साफ कराव्यात. हा अहवाल कोणा विरोधकाने लिहिलेला नाही, ज्या खात्याचा ठेका त्याच खात्याच्या तपासनीसांचा आहे.

हलालच्या डब्याचा प्रश्न

आमच्या वाचकांना सर्वांत आधी पडणारा प्रश्न जेवणाचा आणि नमाजाचा. नियमात दोन्हींना जागा आहे. धर्माप्रमाणे वेगळे जेवण मागता येते, टोपी आणि जानमाज ठेवता येते, रमजानमध्ये रोजेदाराला सूर्यास्तानंतर जेवण मिळावे असे स्पष्ट लिहिले आहे. अर्ज करायचा, केंद्राच्या धर्मगुरूने तो पाहायचा आणि मंजुरी मिळाली की नाव यादीत चढते. हा धर्मगुरू बहुधा ख्रिस्ती असतो. चांगला असेल तर काम होते, नसेल तर अर्ज फिरत राहतो.

नियम आणि ताट यांतले अंतर २०२० मध्ये फ्लोरिडातल्या मायामीजवळच्या क्रोम केंद्रात दिसले. हे केंद्र सरकारी मालकीचे असले तरी तिथला पहारा आणि बरीचशी रोजची कामे ठेकेदारांकडे असतात. कोविडच्या आधी तिथे वाढून घेण्याची पद्धत होती, त्यामुळे नको तो पदार्थ टाळता येई. साथ आल्यावर भरलेली ताटे देणे सुरू झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'मुस्लिम ॲडव्होकेट्स' आणि 'अमेरिकन्स फॉर इमिग्रंट जस्टिस' या दोन संस्थांनी लेखी तक्रार केली: आठवड्यातून दोन-तीनदा ताटात डुकराचे मांस येते, आणि हलाल म्हणून दिले जाणारे बंद डबे मुदत उलटलेले, कुजलेले असतात, ते खाऊन पोट बिघडते. डुकराचे मांस खायचे, खराब अन्न खायचे की उपाशी राहायचे, असे तीनच मार्ग लोकांपुढे होते. खात्याने या तक्रारीचा इन्कार केला.

व्यापारी नजरेने पाहिले तर हे कसे घडत असावे याचा अंदाज आम्ही करू शकतो. हलालचा बंद डबा सामान्य ताटापेक्षा महाग. खप थोडा. म्हणून एकदम जास्त मागवून ठेवायचा आणि कोठाराच्या मागच्या फळीवर टाकायचा. जुना माल पुढे आणि नवा मागे, ही किराणा दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असलेली शिस्त तिथे पाळली नाही तर तारीख उलटणारच. बाहेरच्या बाजारात असा माल विकला तर मोहल्ल्यात चार दिवसांत बोभाटा होतो आणि दुकानाला गिऱ्हाईक राहत नाही. आत बोभाटा करायचा कोणापुढे? डब्याचे पैसे खाणारा देत नाही, सरकार देते. आणि सरकार तो डबा उघडून पाहत नाही.

खासगी केंद्र म्हणजे सगळीकडे असेच, असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी इमामांना शुक्रवारी आत येऊ देतात, जुम्याची जमात होते, इफ्तारला खजूर मिळतात. पण हे तिथल्या अधिकाऱ्याच्या आणि बाहेरच्या मशिदीच्या धडपडीवर अवलंबून राहते.

अकरा डॉलरची टूथपेस्ट

आता आतल्या दुकानाकडे वळू. कंपनी अंगाला लावायचा साबण, दात घासायची पेस्ट असे मूलभूत सामान देते, पण थोडे आणि साधे. बाकी सारे विकत. शेवया, मासळीचे डबे, कॉफी, तेल, चप्पल, टपाल तिकीट.

रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१९ च्या जानेवारीत ॲडेलांटोतल्या दुकानाची दरपत्रके तपासून बातमी दिली. ट्यूना मासळीचा डबा ३ डॉलर २५ सेंट, म्हणजे बाहेरच्या मोठ्या दुकानातल्या भावाच्या चौपटीहून अधिक. दुखऱ्या दातांसाठीची सेन्सोडाइन पेस्टची चार औंसाची नळी ११ डॉलर २ सेंट. दात भरून न देणाऱ्या केंद्रात ही पेस्ट विकली जात होती, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणून देतो.

फोनचेही तसेच. घरच्यांशी आणि वकिलाशी बोलण्याचा रस्ता म्हणजे भिंतीवरचा फोन. त्याचा ठेका वेगळ्या कंपनीकडे, मिनिटाला पैसे. कोविडच्या काळात भेटी बंद झाल्या तेव्हा सरकारने दरमहा ५२० मिनिटे मोफत देण्याची सोय केली होती; ती पुढे २०२४ मध्ये बंद झाली. घरून खात्यात पैसे भरायचे तर भरणा करून घेणारी कंपनी आपला आकार कापून घेते. ज्याच्या घरून पैसे येतात त्याचे बरे चालते. ज्याच्या घरून येत नाहीत त्याने काम करावे.

आणि काम म्हणजे रोज एक डॉलर.

एक डॉलर कुठून आला

हा आकडा कंपन्यांनी काढलेला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९५० मध्ये अमेरिकेच्या संसदेने स्थलांतर कायद्याखाली ठेवलेल्या लोकांना कामाबद्दल भत्ता देण्याची परवानगी दिली. १९७८ मध्ये खर्चाच्या कायद्यात त्या भत्त्याची रक्कम लिहिली गेली: दिवसाला १ डॉलर. तेव्हापासून गहू बदलला, पेट्रोल बदलले, घरभाडी बदलली. १९७८ च्या एका डॉलरची खरेदी आज करायची तर सुमारे पाच डॉलर मोजावे लागतात. भत्ता मात्र तिथेच. आजच्या भावाने तो नव्वद रुपयांच्या आसपास होतो.

नियमात शब्द आहे 'किमान एक डॉलर'. म्हणजे कंपनीने जास्त दिले तर कोणी हात धरत नाही, आणि काही केंद्रांत स्वयंपाकघराच्या कामाला थोडे अधिक दिलेही जाते. काम दिवसाला आठ तासांपेक्षा आणि आठवड्याला चाळीस तासांपेक्षा जास्त घेऊ नये, आणि ते स्वेच्छेचे असावे, असेही लिहिले आहे.

कामे कोणती? भांडी घासणे, भाजी चिरणे, शेकडो ताटे वाढणे, कपड्यांचे गठ्ठे धुणे-वाळवणे-घड्या करणे, फरशी पुसणे, संडास धुणे, भिंती रंगवणे, केस कापणे. आमच्या वाचकांत धोबी, रंगारी, आचारी, न्हावी सगळेच आहेत. या प्रत्येक कामाला बाजारात मजुरी आहे, ती त्यांना तोंडपाठ आहे. केंद्रात ही माणसे नसती तर कंपनीला बाहेरून नोकर आणावे लागले असते आणि त्यांना राज्याच्या कायद्याप्रमाणे तासाचा पगार द्यावा लागला असता.

टॅकोमाचा खटला

हाच मुद्दा वॉशिंग्टन राज्यात कोर्टात गेला. सिएटलच्या दक्षिणेला टॅकोमा बंदराच्या औद्योगिक भागात २००४ मध्ये एक केंद्र सुरू झाले. २००५ पासून ते जिओ कंपनीकडे आहे, क्षमता १,५७५ माणसांची. तिथे २०१४ च्या मार्चमध्ये मोठे उपोषण झाले. पहिल्या दिवशी अधिकाऱ्यांच्या मोजणीने ७५० आणि कार्यकर्त्यांच्या मोजणीने १,२०० लोकांनी ताटे नाकारली. मागण्यांत जेवण सुधारा, दुकानातले भाव उतरवा आणि कामाची मजुरी वाढवा ही कलमे होती. कुठल्याही कारखान्यातल्या युनियनची मागणीपत्रिका काढून पाहा, फार फरक दिसणार नाही.

२०१७ मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल बॉब फर्ग्युसन यांनी कंपनीवर दावा लावला. म्हणणे एकच: केंद्र आमच्या राज्यात आहे, कंपनी खासगी आहे, नफा कमावते, तर राज्याचा किमान वेतन कायदा तिला लागू आहे. आत असलेल्या लोकांच्या वतीनेही वेगळा दावा दाखल झाला.

कंपनीचे उत्तर असे होते की, हे लोक नोकर नाहीत. काम स्वेच्छेचे आहे, वेळ घालवण्यासाठी आहे. दर केंद्र सरकारने ठरवला आहे. शिवाय राज्य आपल्या स्वतःच्या तुरुंगातल्या कैद्यांना किमान वेतन देत नाही, मग आमच्याकडून का मागते? हा शेवटचा मुद्दा वजनदार आहे, तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण राज्याचे तुरुंग सरकार चालवते, त्यांचा नफा कोणा भागधारकाला वाटला जात नाही. आणि कैदी गुन्ह्याची शिक्षा भोगत असतो. टॅकोमातला माणूस शिक्षेसाठी तिथे नव्हता. आम्हाला हा फरक पुरेसा वाटतो.

२०२१ च्या जूनमध्ये पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या ज्यूरीने कंपनीविरुद्ध निकाल दिला आणि दहा हजारांहून अधिक आजी-माजी स्थानबद्धांना १ कोटी ७३ लाख डॉलर थकीत मजुरी देण्यास सांगितले. त्यानंतर न्यायाधीश रॉबर्ट ब्रायन यांनी कंपनीने अन्यायाने मिळवलेल्या लाभापोटी राज्याला सुमारे ५९ लाख डॉलर द्यावेत असा हुकूम केला. दोन्ही मिळून २ कोटी ३२ लाखांच्या वर.

खटल्यात एक हिशेब पुढे आला तो व्यापाऱ्यांनी जपून ठेवण्यासारखा आहे. २०१८ या एका वर्षात टॅकोमा केंद्रातून कंपनीला १ कोटी ८६ लाख डॉलर नफा झाला. त्या वर्षी सर्वांना किमान वेतन दिले असते तर खर्च आला असता ३४ लाख डॉलर. म्हणजे पूर्ण मजुरी चुकवूनही कंपनीच्या हातात दीड कोटी डॉलर उरले असते. धंदा बुडेल म्हणून मजुरी मारली, असे कोणी म्हणू शकत नाही. मजुरी मारता येत होती म्हणून मारली.

निकालानंतर कंपनीने टॅकोमातली कामाची योजनाच बंद केली. एक डॉलरही गेला. पुढे आतल्या लोकांकडून अस्वच्छतेच्या तक्रारी येऊ लागल्या. इतकी वर्षे ते केंद्र स्वच्छ कोण ठेवत होते, हे त्यावरून कळले. कंपनीने अपील केले. २०२३ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतन कायद्याचा अर्थ मजुरांच्या बाजूने लावला, आणि २०२५ च्या जानेवारीत संघराज्याच्या अपील न्यायालयाने मूळ निकाल कायम ठेवला.

कोलोराडोत अरोरा केंद्राबद्दल २०१४ पासून चालू झालेल्या दाव्यात आणखी गंभीर तक्रार आहे. मजुरी न देता सामाईक जागा साफ करायला लावले आणि नकार दिला तर एकांत कोठडीची भीती घातली, असे दावा करणाऱ्यांचे म्हणणे आहे. अशा कामाला स्वेच्छेचे काम म्हणता येईल का, हा प्रश्न त्या दाव्याच्या मुळाशी आहे.

रिकाम्या खाटेचे भाडे

ठेक्यातली आणखी एक खुबी. अनेक करारांत 'किमान हमी' असते. इतक्या खाटा भरल्या किंवा रिकाम्या राहिल्या तरी सरकार त्यांचे पैसे देणार. आपल्याकडे मंगल कार्यालयवाला किमान दोनशे ताटांचे पैसे आधी ठरवून घेतो, तसेच. २०२१ च्या जानेवारीत सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने दाखवून दिले की, २०२० च्या एका मे महिन्यात रोज सरासरी १२ हजारांहून जास्त रिकाम्या खाटांवर २ कोटी ५ लाख डॉलर खर्च झाले. साथीमुळे माणसे कमी होती, पण बिल चालूच.

पैसे तर द्यायचेच आहेत, मग खाट रिकामी का ठेवा, असा विचार अधिकाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आणि २०२५ च्या जुलैत संमत झालेल्या कायद्याने स्थानबद्धतेसाठी ४,५०० कोटी डॉलर मंजूर केले आहेत. त्या वर्षाच्या उत्तरार्धात आत असलेल्यांची संख्या साठ हजारांच्या वर गेली. त्याच वर्षी मे महिन्यात न्यू जर्सीतल्या न्यूअर्क येथे जिओने एक हजार खाटांचे डिलेनी हॉल सुरू केले. पंधरा वर्षांच्या त्या ठेक्याची किंमत सुमारे १०० कोटी डॉलर सांगितली गेली. महिनाभरात जेवणाच्या वेळा आणि प्रमाण यांवरून आत गोंधळ झाला, भिंत फोडून चार जण पळाले. इतक्या मोठ्या ठेक्यात भांडण कशावरून पेटले? तर ताटावरून.

ब्रिटनमध्येही हीच पद्धत आहे, थोड्या फरकाने. तिथे कामाचा दर तासाला १ पौंड, २००८ पासून तोच. बहुतेक केंद्रांत इमाम पगारी नोकरीत असतात आणि हलाल जेवण नेहमीचे असते, हे मान्य केले पाहिजे. पण गॅटविक विमानतळाला लागून असलेल्या ब्रूक हाउसमध्ये २०१७ साली पहारेकऱ्यांनी केलेली मारहाण व शिवीगाळ छुप्या कॅमेऱ्याने बाहेर आणली. चौकशी अधिकारी केट ईव्ह्ज यांच्या २०२३ च्या अहवालाने पाच महिन्यांतले १९ प्रसंग असे मोजले, ज्यांत अमानुष किंवा अपमानास्पद वागणूक झाल्याचा विश्वासार्ह पुरावा होता. तेव्हा ते केंद्र जी-फोर-एस ही कंपनी चालवत होती. २०१२ ते २०१८ या काळात त्या ठेक्यात तिचा ढोबळ नफा १ कोटी ४३ लाख पौंड होता.

आपला माणूस आत असेल तर

हे सारे दूरचे आहे असे समजू नये. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे. तीन जण महाराष्ट्राचे होते. एजंटाला घर-शेत विकून लाखो रुपये देणारे आणि बेड्यांत परत येणारे आता आपल्या राज्यातही आहेत. आमचा सल्ला मागितला तर आम्ही सांगू की तेवढ्या पैशात इथे दुकान टाकावे. पण सल्ला ऐकण्याआधीच माणूस गेलेला असतो, म्हणून थोडी उपयोगाची माहिती देतो.

पकडलेल्या प्रत्येक परदेशी माणसाला तिथले सरकार एक नंबर देते, त्याला 'ए-नंबर' म्हणतात. तो नऊ अंकी असतो. हा नंबर आणि जन्मदेश सांगितला की माणूस कोणत्या केंद्रात आहे ते सरकारच्या इंटरनेटवरील शोधयादीत सापडते. नंबर नसेल तर नाव आणि जन्मदेश यांवरही शोधता येते, पण नावाचे स्पेलिंग पासपोर्टावर असेल तसेच हवे. शेख, शैख, शाईख असे तीन प्रकार करून पाहावेत. आपल्या नावांत ही अडचण नेहमी येते. माणसाला एका केंद्रातून दुसऱ्या राज्यात हलवतात, म्हणून यादी पुन्हा पुन्हा पाहावी.

अटकेनंतर आपल्या देशाच्या वकिलातीला कळवा असे सांगण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने प्रत्येकाला दिला आहे. तो आपणहून मागावा लागतो. भारताची वकिलात वॉशिंग्टनला आहे, आणि न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा येथे कार्यालये आहेत. टॅकोमाला जवळचे सिएटलचे कार्यालय २०२३ पासून सुरू झाले.

हलाल जेवण आणि रोजाची सोय पहिल्या दिवसापासून लेखी मागावी, तोंडी नव्हे, आणि अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. रमजान सुरू होण्याआधी नाव यादीत आहे का ते विचारावे. घरून पैसे पाठवताना एकदम मोठी रक्कम टाकू नये. माणूस दुसरीकडे हलवला तर खात्यातली शिल्लक मागे राहून हेलपाटे पडतात. आधी विचारावे की पैसे भरायचा आकार किती. आणि ए-नंबर घरातल्या दोन माणसांकडे, कागदावर, लिहिलेला असावा.